कायद्याची मुदत आणि परिणामांचे मूल्यमापन : मुंबई भाडे नियंत्रण अधिनियम, १९४७ व पुण्यातील नारायण पेठ यांच्या संदर्भात एक अभ्यास

सारांश

शासन नियम करते. परंतु तो नियम ज्या हेतूने केला तो हेतू साध्य झाला किंवा नाही, हे तपासण्याचे बंधन शासनावर सहसा नसते. जगातील काही देशांनी असे बंधन घालणारे कायदे केले आहेत. प्रस्तुत लेखात या प्रकारच्या कायद्यांचे स्वरूप स्पष्ट करून, मुंबई भाडे नियंत्रण अधिनियम, १९४७ या दीर्घकाळ चाललेल्या कायद्याच्या आधारे त्यांची आवश्यकता तपासली आहे. हा अधिनियम मुदतीचा होता व त्याला वीसपेक्षा अधिक वेळा मुदतवाढ मिळाली. पुण्यातील नारायण पेठेसारख्या वाड्यांच्या वस्तीत त्याचे परिणाम घरमालक व भाडेकरू या दोघांनाही भोगावे लागले. केवळ मुदत ठरविल्याने कायद्याची तपासणी होत नाही. मुदतीबरोबर मोजणीचे व उत्तर देण्याचे कर्तव्यही कायद्यात असावे लागते, असा निष्कर्ष लेखात काढला आहे.

बीजशब्द : नियमांचे मूल्यमापन, मुदतीचा कायदा, भाडे नियंत्रण, प्रमाण भाडे, वाडा, नारायण पेठ.

प्रस्तावना

लोकशाही राज्यात कायदा होण्यापूर्वी बरीच चर्चा होते. विधेयक मांडले जाते, त्यासोबत उद्देश व कारणे यांचे निवेदन जोडले जाते, सभागृहात वाद होतो, वृत्तपत्रांतून टीका होते. कायदा संमत झाल्यानंतर मात्र ही चर्चा मंदावते. पाच, दहा किंवा पन्नास वर्षांनी त्या निवेदनातील उद्देश आणि प्रत्यक्ष परिणाम एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याचे काम कोणाचे, या प्रश्नाला आपल्या व्यवस्थेत निश्चित उत्तर नाही. प्रश्न निर्माण झाला तर न्यायालय आहे, आंदोलन झाले तर समिती आहे. परंतु नियमाने काय साधले याचा हिशेब ठराविक काळाने मांडण्याचे सर्वसाधारण बंधन नाही.

हा प्रश्न केवळ सैद्धांतिक नाही. पुण्याच्या मध्यवस्तीतील पेठांमध्ये दरवर्षी पावसाळ्यापूर्वी धोकादायक वाड्यांच्या याद्या निघतात व रहिवाशांना नोटिसा दिल्या जातात. त्या नोटिशीमागे भाड्याच्या कायद्याचा पाऊणशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. म्हणून नियमांच्या मूल्यमापनाचा विचार या पेठांतील एका पेठेच्या, म्हणजे नारायण पेठेच्या, संदर्भात करणे उपयुक्त ठरते.

मूल्यमापनाची संकल्पना

नियमाचे मूल्यमापन दोन टप्प्यांवर होऊ शकते. पहिले, नियम करण्यापूर्वी : अपेक्षित लाभ कोणते, खर्च कोणावर पडेल, अन्य पर्याय आहेत काय, याचा अंदाज. दुसरे, नियम अमलात आल्यानंतर : अंदाजाप्रमाणे घडले काय, न घडल्यास का, आणि नियम ठेवावा, बदलावा की काढून टाकावा. पहिल्या टप्प्यात अंदाज असतो, दुसऱ्यात अनुभव असतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा टप्पा, म्हणजेच अंमलोत्तर मूल्यमापन आहे.

येथे तीन गोष्टींची गल्लत टाळली पाहिजे. मूल्यमापन म्हणजे अंमलबजावणीचा अहवाल नव्हे. किती नोटिसा दिल्या, किती खटले निकाली निघाले, या आकड्यांतून यंत्रणा किती राबली ते कळते, नियमाचा उपयोग झाला की नाही ते कळत नाही. मूल्यमापन म्हणजे कालबाह्य कायद्यांचे निरसनही नव्हे. केंद्र शासनाने २०१४ नंतर दीड हजारांहून अधिक जुने कायदे रद्द केले. ते काम आवश्यक होते, परंतु त्यांपैकी बहुतेक कायदे आधीच निपचित पडलेले होते. मूल्यमापनाची खरी गरज असते ती जिवंत, रोज लोकांच्या जीवनावर परिणाम करणाऱ्या कायद्यांना. तिसरे म्हणजे, कायद्याची मुदत संपणे हेही मूल्यमापन नव्हे. हा शेवटचा मुद्दा या लेखाच्या केंद्रस्थानी आहे.

पूर्वपीठिका : १८७९ चा अधिनियम

कायद्याच्या परिणामांवर लक्ष ठेवण्याची कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला व तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. त्याच्या चौकशीसाठी आयोग नेमण्यात आला आणि पुढे १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम संमत झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला.

या अधिनियमाचे एक वैशिष्ट्य असे की, त्याखाली चालणाऱ्या कामकाजाच्या पाहणीची यंत्रणा कायद्यातच होती. कनिष्ठ न्यायालयांतील कामाची तपासणी व देखरेख करण्यासाठी विशेष न्यायाधीशाची तरतूद होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी प्रथम साहाय्यक म्हणून आणि १८८७ पासून विशेष न्यायाधीश म्हणून हे काम पाहिले. अधिनियमाच्या अंमलाविषयी वार्षिक अहवाल तयार होत. १८९१-९२ मध्ये तर अधिनियमाचा परिणाम कसा झाला याची चौकशी करण्यासाठी स्वतंत्र आयोग बसविण्यात आला. कायद्याला बगल देण्यासाठी गहाणखताऐवजी विक्रीखत करून घेण्याची युक्ती सावकार वापरीत. तिचा बंदोबस्त म्हणून पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन व्यवहाराचे खरे स्वरूप तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला.

या कायद्याने शेतकऱ्याचे कर्ज संपले नाही आणि तो सर्वांच्या प्रशंसेसही पात्र ठरला नाही. वसाहतकालीन शासनाचा हेतू मुख्यत्वे शांतता राखण्याचा होता. तरीही कायदा अमलात आल्यावर बारा वर्षांच्या आत त्याच्या परिणामांची स्वतंत्र चौकशी झाली, ही गोष्ट पुढील काळातील अनुभवाशी ताडून पाहण्यासारखी आहे.

१९४७ चा अधिनियम : तात्पुरत्या उपायाची दीर्घ वाटचाल

भाडे नियंत्रणाचा उगम युद्धकाळात आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात भाड्यावर निर्बंध आले. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी १९३९ मध्ये व नंतर १९४४ मध्ये पुन्हा कायदे झाले. त्यांची जागा मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७ याने घेतली. युद्धानंतरची टंचाई, फाळणीनंतरचे स्थलांतर आणि शहरांकडे वाढलेला ओघ पाहता हा कायदा त्या वेळी आवश्यक होता, याविषयी फारसा वाद नाही. घरमालकाने अडवणूक करावी आणि भाडेकरूने रस्त्यावर यावे, ही भीती खरी होती.

कायद्याचे दोन आधारस्तंभ होते. पहिला, भाडेकरूला घरातून काढण्याची कारणे मर्यादित करण्यात आली. दुसरा, प्रमाण भाडे ठरविण्यात आले. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते सर्वसाधारणपणे प्रमाण भाडे मानले गेले. करवाढ किंवा सुधारणा यांसाठी काही वाढ अनुज्ञेय होती, परंतु महागाईनुसार मूळ भाडे वाढण्याची सोय नव्हती.

अधिनियम ठराविक मुदतीपुरता होता. म्हणजे मुदत संपताना विधिमंडळाने विचार करावा, गरज उरली असेल तर ठेवावा, नसेल तर जाऊ द्यावा, अशी रचना सकृद्दर्शनी होती. प्रत्यक्षात मुदत संपत आली की ती वाढवली गेली, आणि असे वीसपेक्षा अधिक वेळा घडले. मुदतवाढीपूर्वी घरांची स्थिती, नव्या बांधकामाचे प्रमाण, भाड्याची पातळी किंवा दुरुस्तीचा खर्च यांची पाहणी करून ती विधिमंडळासमोर ठेवली पाहिजे, असे कोणतेही बंधन कायद्यात नव्हते. त्यामुळे मुदत हा विचाराचा प्रसंग न राहता केवळ कार्यालयीन उपचार झाला.

मधल्या काळात विचार झालाच नाही, असे नाही. सत्तरच्या दशकात राज्य शासनाने न्यायमूर्ती तांबे यांच्या अध्यक्षतेखाली भाडे कायद्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. केंद्रीय स्तरावर लक्ष्मीकांत झा यांच्या आर्थिक प्रशासन सुधारणा आयोगाने १९८२ मध्ये भाडे नियंत्रणाविषयी शिफारशी केल्या. १९९२ मध्ये केंद्राने राज्यांकडे आदर्श भाडे नियंत्रण कायद्याचा मसुदा पाठवला. परंतु शिफारस स्वीकारणे किंवा ती का स्वीकारली नाही हे सांगणे, यांपैकी काहीही शासनावर बंधनकारक नव्हते. अहवाल येत राहिले आणि १९४० चे भाडे कायम राहिले.

नारायण पेठेतील परिणाम

नारायण पेठ ही मुठा नदीच्या काठची, पेशवेकाळात वसलेली वस्ती. केसरीवाडा, मोदी गणपती, पत्र्या मारुती ही तिची ओळख. छापखाने, पुस्तकांची दुकाने, खानावळी, शिकवण्या आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या यांमुळे या पेठेचे अर्थकारण नेहमीच भाड्याच्या जागेवर अवलंबून राहिले. येथील जुने वाडे मुख्यतः एका कुटुंबासाठी बांधलेले होते. कालांतराने चौकाभोवतीच्या सोप्यात, माडीवर, माजघरात दोन-दोन खोल्यांची बिऱ्हाडे थाटली गेली. नळ व संडास सामाईक झाले.

कायद्याने या बिऱ्हाडांना मोठा आधार दिला, हे प्रथम नोंदवले पाहिजे. शिक्षक, कारकून, छापखान्यातील कामगार, वार लावून जेवणारा विद्यार्थी, पतीच्या पश्चात मुले वाढविणारी स्त्री, अशा अल्प उत्पन्नाच्या लोकांना शहराच्या मध्यभागी, शाळा व नोकरीच्या जवळ राहता आले ते याच संरक्षणामुळे. भाडेवाढीच्या धाकाखाली न राहता दोन पिढ्यांचे शिक्षण पूर्ण करणारी कुटुंबे या पेठांनी पाहिली. कायद्याच्या परिणामांच्या हिशेबात ही जमेची बाजू मोठी आहे.

खर्चाची बाजू हळूहळू वाढत गेली. लाकडी खांब-तुळयांचा, मातीच्या जोडाईतील विटांचा वाडा दरवर्षी निगा मागतो. पावसाळ्यापूर्वी कौले चाळावी लागतात, तुळईला वाळवी लागली तर ती बदलावी लागते, भिंतीत पाणी मुरू न देणे हे तर नित्याचे काम. गवंडी, सुतार, लाकूड आणि चुना-सिमेंट यांचे दर बाजाराप्रमाणे वाढले. भाडे मात्र १९४० च्या दरावर थांबले. मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, अशी तरतूद कायद्यात होती. परंतु वार्षिक भाड्याच्या ठराविक हिश्श्यापेक्षा अधिक रक्कम वळती करता येत नसे. भाडेच काही रुपयांचे असेल तर त्याच्या हिश्श्यात एक तुळईही येणार नाही. तरतूद पुस्तकात राहिली, उपयोग संपला.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि पुराने नदीकाठच्या पेठांची मोठी हानी केली. नारायण पेठ त्यांपैकी एक होती. शहरातील घरांचा साठाच एका दिवसात घटला. घरांची टंचाई, पुनर्बांधणीसाठी लागणारे भांडवल आणि भाड्याचे नियंत्रण या तिन्हींचा एकत्र विचार करण्याची ती वेळ होती. पूरग्रस्तांसाठी नव्या वसाहती उभ्या राहिल्या. परंतु भाड्याचा पाया बदलला नाही.

याचा परिणाम म्हणून तीन प्रवृत्ती वाढल्या. एक, मालकाने दुरुस्ती टाळणे आणि वाडा आपोआप मोकळा होण्याची वाट पाहणे. दोन, पागडी, म्हणजे कायद्याने भाडे वाढविता येत नसल्याने जागेची खरी किंमत हातोहात रोखीने देणे-घेणे. तीन, रिकामी जागा भाड्याने न देता कुलूप लावून ठेवणे किंवा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर देणे. १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा देण्यात आला. त्या वेळच्या रहिवाशांना संरक्षण मिळाले. त्याबरोबर पुढे जागा भाड्याने देण्याविषयी मालकांची धास्ती वाढली. आज संरक्षण मिळालेला आणि उद्या घर शोधणारा हे दोन भिन्न भाडेकरू असतात, ही बाब कोणत्याही मुदतवाढीच्या वेळी मोजली गेली नाही.

मूल्यमापन का झाले नाही?

याचे एक उत्तर राजकीय आहे. भाडेकरू संख्येने अधिक, घरमालक कमी. त्यामुळे कायद्याला हात लावणे कोणत्याही पक्षाला सोयीचे नव्हते. हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. दुसरे कारण रचनेतच आहे. शासनाचा पैसा जिथे खर्च होतो तिथे लेखापरीक्षण पोहोचते. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्याकडून योजनांचे कामगिरी लेखापरीक्षण होते आणि ते अहवाल विधिमंडळासमोर ठेवले जातात. भाडे नियंत्रणाचा खर्च मात्र राज्याच्या अर्थसंकल्पात दिसत नाही. तो मालकाच्या घटलेल्या उत्पन्नात, भाडेकरूच्या गळक्या छपरात आणि नव्या भाडेकरूने दिलेल्या पागडीत विखुरलेला असतो. जो खर्च तिजोरीतून जात नाही, त्याचा हिशेब कोणी मागत नाही. नियमांच्या मूल्यमापनासाठी वेगळ्या कायद्याची गरज याच ठिकाणी स्पष्ट होते.

परिणाम फारच डोळ्यांवर आले तेव्हा मूळ कायदा तपासण्याऐवजी दुसरा कायदा करण्याचा मार्ग निवडला गेला. मुंबई शहरात जुन्या चाळी कोसळू लागल्यावर १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. इमारतींवर उपकर बसवून त्यातून दुरुस्ती करण्याची व्यवस्था आली. ही व्यवस्था मुंबई शहरापुरती होती. पुण्याच्या पेठांना नियंत्रण तेच लागू राहिले, दुरुस्तीचे मंडळ मात्र लाभले नाही. येथे महापालिकेचा संबंध मुख्यतः शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे वाडा धोकादायक ठरल्यावर येत राहिला.

१९९७ चा निर्णय आणि १९९९ चा अधिनियम

जे काम विधिमंडळाने करावयाचे ते अखेर न्यायालयाला करावे लागले. मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये निर्णय दिला. प्रमाण भाड्याच्या तरतुदी आरंभी वाजवी असल्या तरी काळाच्या ओघात त्या अवाजवी व मनमानी झाल्या आहेत, असे न्यायालयाने म्हटले. अधिनियमाची चालू मुदत ३१ मार्च १९९८ रोजी संपत असल्याने त्या तरतुदी तेथेच रद्द करणे न्यायालयाने टाळले व नव्या कायद्याची अपेक्षा व्यक्त केली. कायदा संमत होताना योग्य असतो म्हणून तो कायम योग्य राहतोच असे नाही, हे तत्त्व या निर्णयातून ठळक झाले. परंतु न्यायालय एखादी तरतूद घटनाबाह्य आहे की नाही ते सांगू शकते. नारायण पेठेत किती वाड्यांना कोणत्या दुरुस्तीची गरज आहे, हे मोजणे त्याचे काम नाही.

नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. १ ऑक्टोबर १९८७ ही नवी आधार तारीख झाली, जुन्या भाड्यात ५ टक्के वाढ मिळाली आणि पुढे दरसाल ४ टक्के वाढीची मुभा देण्यात आली. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि १ कोटी रुपये किंवा अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना संरक्षणातून वगळण्यात आले. पागडीच्या व्यवहाराला कायदेशीर मान्यता मिळाली आणि भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक ठरले.

या सुधारणा महत्त्वाच्या होत्या. त्या पुरेशा होत्या काय, हे मात्र मोजूनच सांगता येईल. केवळ उदाहरणादाखल असे धरू की एका बिऱ्हाडाचे जुने भाडे दरमहा २० रुपये होते. ५ टक्के वाढीने ते २१ रुपये होईल. त्यावर दरसाल ४ टक्के वाढ चक्रवाढीने २५ वर्षे धरली तरी रक्कम सुमारे ५६ रुपये होते. वाढीचा दर वाजवी दिसतो, परंतु ज्या पायावर तो आकारला जातो तो पाया जुनाच आहे. उलट बाजूने, ज्या निवृत्त भाडेकरूचे उत्पन्न अल्प व स्थिर आहे त्याला बाजारभावाने भाडे देणे अशक्य आहे, हेही तितकेच खरे. दोन्ही विधानांचे वजन ठरविण्यासाठी आकडे हवेत.

लक्षणीय गोष्ट अशी की जुना कायदा निदान मुदतीचा होता. नवा कायदा कायमस्वरूपी झाला आणि ठराविक काळाने त्याचे मूल्यमापन करण्याची तरतूद त्यातही नाही. त्यामुळे नव्या अडचणी पुन्हा न्यायालयाच्या मार्गानेच पुढे येत आहेत. इमारत पाडल्यानंतर भाडेकरूचा हक्क उरतो काय, हा धोकादायक वाड्यातील प्रत्येक कुटुंबाचा प्रश्न. केवळ इमारत नष्ट झाल्याने भाडेकरार संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. एवढ्या मूलभूत बाबीसाठी खटल्याची वाट पाहावी लागावी, हे नियमित तपासणी नसल्याचेच लक्षण आहे.

अन्य देशांतील कायदे

मुदत आणि मोजणी यांची सांगड कशी घालावी, याचे काही नमुने उपलब्ध आहेत. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने १९७६ मध्ये नियामक मंडळांना मुदत घालणारा कायदा केला. तेथे मुदत संपण्यापूर्वी राज्याच्या विभागाने ठरलेल्या निकषांवर अहवाल तयार करून विधिमंडळाला द्यावा लागतो. म्हणजे मुदतवाढीची चर्चा अहवालावर होते. अमेरिकेच्या संघराज्य स्तरावर १९८० च्या एका कायद्यानुसार लहान उद्योगांवर लक्षणीय परिणाम करणाऱ्या नियमांचा १० वर्षांच्या आत फेरविचार करणे संस्थांवर बंधनकारक आहे. या बंधनाचे पालन असमान राहिल्याचे तेथील शासकीय लेखापरीक्षण संस्थेने दाखवून दिले आहे. कर्तव्य सांगितले, पण ते टाळल्यास काय होईल हे सांगितले नाही, की असे घडते. पुढे २०१८ मध्ये संमत झालेल्या व जानेवारी २०१९ मध्ये कायदा बनलेल्या विधेयकाने मोठ्या शासकीय संस्थांना मूल्यमापनाचा आराखडा करणे व मूल्यमापन अधिकारी नेमणे आवश्यक केले.

ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्यानुसार व्यवसायांवर परिणाम करणाऱ्या दुय्यम नियमांत फेरविचाराचे कलम असावे लागते. पाच वर्षांच्या आत अहवाल प्रसिद्ध करून त्यात सांगावे लागते की नियमाची उद्दिष्टे कोणती होती, ती कितपत साध्य झाली, ती आजही योग्य आहेत काय, आणि कमी जाचक मार्गाने साध्य होतील काय. ऑस्ट्रेलियात २००३ च्या कायद्याने दुय्यम नियम साधारणतः १० वर्षांनी आपोआप संपुष्टात येतात. ते ठेवायचे असल्यास पुन्हा करावे लागतात. या अनुभवांतून एक गोष्ट दिसते : कायद्याने विचारलेले प्रश्न जितके निश्चित, तितके उत्तर टाळणे अवघड.

भारतातील स्थिती

भारतात सर्व नियमांना लागू होईल असा कायदा नाही. २०१४ च्या केंद्रीय धोरणाने विधेयकापूर्वी जनतेचे मत मागविण्याची पद्धत सांगितली. तिचा भर कायदा होण्यापूर्वीच्या टप्प्यावर आहे. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील वित्तीय क्षेत्र कायदेविषयक सुधारणा आयोगाने २०१३ मध्ये नियामकांनी आपल्या नियमांचा ठराविक काळाने आढावा घ्यावा, असा विचार मांडला. काही नियामकांनी स्वतःच्या पातळीवर त्या दिशेने पावले टाकली आहेत. नादारी व दिवाळखोरी मंडळाने २०१८ मध्ये आपले नियम दर तीन वर्षांनी तपासण्याची कार्यपद्धती ठरविली. रिझर्व्ह बँकेने १९९९ मध्ये व पुन्हा २०२१ मध्ये नियम पुनरावलोकन प्राधिकरण नेमले. हे प्रयत्न स्तुत्य आहेत. परंतु ते वित्तीय क्षेत्रापुरते आहेत. बँकेच्या परिपत्रकाचा आढावा होतो आणि राहत्या घराच्या भाड्याच्या कायद्याचा होत नाही, ही विसंगती विचार करण्यासारखी आहे.

कायद्यात काय असावे?

वरील विवेचनावरून महाराष्ट्रासाठी अशा कायद्याची पुढील अंगे सुचविता येतात.

पहिले, प्रत्येक नियमाचे उद्दिष्ट मोजता येईल अशा शब्दांत नोंदविले जावे. ‘भाडेकरूंचे हित’ हे मोजता येत नाही. राहण्यायोग्य घरांची संख्या, निष्कासनाचे दावे, दुरुस्त झालेल्या इमारती हे मोजता येतात.

दुसरे, माहिती पहिल्या दिवसापासून गोळा व्हावी. महापालिकेकडे मिळकतकराच्या नोंदी व धोकादायक इमारतींच्या याद्या, लघुवाद न्यायालयाकडे दाव्यांची नोंद आणि नोंदणी कार्यालयाकडे करार असतात. ही माहिती वेगवेगळ्या दप्तरांत असल्याने तिच्यातून पेठेचे चित्र उभे राहत नाही.

तिसरे, मूल्यमापन नियम राबविणाऱ्या विभागाकडे एकट्याकडे नसावे. आपल्याच कामाला नापास करणारा परीक्षक विरळा. विद्यापीठे, महाविद्यालयांतील समाजशास्त्रांचे विभाग आणि पुण्यातील संशोधन संस्था यांचा या कामी उपयोग होऊ शकतो.

चौथे, शासनाने अहवालावर ठराविक मुदतीत लेखी उत्तर विधिमंडळापुढे ठेवावे. शिफारस अमान्य करण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींचा आहे. मौन बाळगण्याचा नसावा.

पाचवे, मुदतवाढीचे कोणतेही विधेयक अशा अहवालाशिवाय मांडता येऊ नये. १९४७ च्या अधिनियमाला ही एक अट असती, तर वीसपेक्षा अधिक वेळा झालेली मुदतवाढ ही वीस वेळा झालेली तपासणी ठरली असती.

संभाव्य आक्षेप

पहिला आक्षेप खर्चाचा व वेळेचा. सर्व नियमांचे मूल्यमापन एकदम करणे शक्य नाही, हे मान्य केले पाहिजे. ज्यांचा परिणाम मोठ्या संख्येने नागरिकांवर होतो अशा नियमांपासून आरंभ करता येईल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मूल्यमापन हे संरक्षण काढून घेण्याचे आवरण ठरेल, अशी भीती भाडेकरूंना वाटते आणि ती निराधार नाही. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार अधिनियमाचा नमुना मंजूर केल्यानंतर ही चिंता पुन्हा व्यक्त झाली. यावर उपाय मोजणी टाळणे हा नाही. भाडेकरूच्या घराची सुरक्षितता हा लाभ हिशेबात धरणे मूल्यमापनकर्त्यावर बंधनकारक असावे. कोणत्या कुटुंबांना संरक्षणाची खरी गरज आहे हे आकड्यांनी सिद्ध झाल्यास त्यांचे संरक्षण अधिक भक्कम होईल, आणि त्याचा भार एकट्या वाडामालकावर टाकावा की समाजाने उचलावा, हा प्रश्न प्रथमच स्पष्टपणे विचारता येईल.

निष्कर्ष

मुंबई भाडे नियंत्रण अधिनियम, १९४७ हा वाईट हेतूने केलेला कायदा नव्हता. एका खऱ्या संकटावर तो योग्य वेळी केलेला उपाय होता. त्याचे अपयश हेतूत नसून, हेतू आणि परिणाम यांची गाठ घालून देणारी कोणतीही व्यवस्था त्याच्यासोबत नव्हती यात आहे. मुदत होती, पण मुदतीच्या वेळी विचारायचा प्रश्न कायद्यात लिहिलेला नव्हता. परिणामी नारायण पेठेतील वाडामालकाचे उत्पन्न आणि भाडेकरूचे छप्पर ही दोन्ही एकाच वेळी खचत गेली, आणि दोघेही परस्परांना दोष देत राहिले.

१८७९ च्या कायद्याची बारा वर्षांत चौकशी होऊ शकली. १९९९ चा अधिनियम अमलात येऊन २५ वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्याने किती घरे वाचविली, किती वाडे दुरुस्त झाले, किती कुटुंबांना हक्काची जागा मिळाली, याचा पेठनिहाय हिशेब मांडण्यासाठी न्यायालयाच्या पुढील निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. नारायण पेठेसारख्या मर्यादित क्षेत्रात तो आरंभ करणे शक्य आहे, आणि धोकादायक वाड्यात आज राहणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने तो तातडीचाही आहे.